नियमपुस्तकांच्या आवृत्त्या आणि खेळाचे पुराण

एखाद्या ग्रंथाची नवी आवृत्ती निघते तेव्हा तीत काही दुरुस्त्या व काही भर असावी अशी वाचकाची अपेक्षा असते. ग्रंथात वर्णिलेले जगच पालटलेले असेल अशी कल्पना तो करीत नाही. अद्भुतरम्य भूमिकाखेळांच्या नियमपुस्तकांत मात्र हेच वारंवार घडलेले दिसते. एका आवृत्तीत जिवंत असलेला देव पुढच्या आवृत्तीत मृत असतो. स्वर्गाची रचना चक्रासारखी होती, ती मोडून निराळीच होते. ज्या प्राण्याचे मूळ एका देशात सांगितले होते त्याचे मूळ पुढे नरकात सांगितले जाते. हे बदल लेखकांच्या लहरीमुळे होतात, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. तो कितपत खरा आहे, आणि या बदलांत काही नियमितपणा दाखविता येतो काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उदाहरणासाठी या प्रकारातील आद्य खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा घेतला आहे.

१. खेळाचे स्वरूप व आवृत्त्यांचा क्रम

या खेळात चार-सहा जण मेजाभोवती बसतात. त्यांपैकी एक जण सूत्रधार असतो. इतर प्रत्येक जण एकेका कल्पित पात्राची भूमिका घेतो. पात्र काय करते हे खेळाडू तोंडाने सांगतो आणि कृतीचे यशापयश फासे व नियम यांनी ठरते. नियमपुस्तकात त्यामुळे दोन प्रकारचा मजकूर शेजारी शेजारी नांदतो. एक आकड्यांचा: कोणत्या प्राण्यात किती बळ, कोणत्या शस्त्राने किती इजा. दुसरा वर्णनाचा: देव, वंश, लोक, प्राणी आणि त्यांचे पूर्ववृत्त. या दुसऱ्या भागाला इंग्रजीभाषी खेळाडू ‘लोर’ म्हणतात. त्यासाठी येथे ‘पुराण’ हा शब्द योजला आहे. सर्ग, प्रतिसर्ग, वंश, मन्वंतर व वंशानुचरित ही पुराणाची परंपरागत पाच लक्षणे या मजकुरास बऱ्याच अंशी लागू पडतात. आणि प्रतिसर्गाची कल्पना तर, पुढे दिसेल त्याप्रमाणे, विशेषच.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावी, टॅक्टिकल स्टडीज रूल्स या संस्थेतर्फे, तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला. १९७७ ते १९७९ या काळात त्याची विस्तृत, ‘ॲडव्हान्स्ड’ म्हणून ओळखली जाणारी मांडणी तीन ग्रंथांत निघाली. त्या मांडणीची दुसरी आवृत्ती १९८९ साली आली. १९९७ मध्ये खेळाची मालकी विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे गेली आणि तिने २००० मध्ये तिसरी, २००८ मध्ये चौथी व २०१४ मध्ये पाचवी आवृत्ती काढली. तिसरीची सुधारून वाढविलेली मांडणी २००३ मध्ये, तर पाचवीची २०२४-२५ मध्ये प्रसिद्ध झाली.

हस्तलिखितांच्या परंपरेत पाठभेद हे नकलकाराच्या हातून, बहुधा नकळत, शिरतात. येथे मालक स्वतः, उघडपणे, विक्रीसाठी नवा पाठ सिद्ध करतो. जुना पाठ नाहीसा होत नाही; तो खेळाडूच्या कपाटात राहतो. या दोन गोष्टी पुढील विवेचनात ध्यानात ठेवावयास हव्यात.

२. बाहेरून लादलेले बदल

पहिला वर्ग कायद्याच्या व लोकमताच्या दडपणाने झालेल्या बदलांचा. १९७४ च्या पुस्तिकांत ‘हॉबिट’, ‘एन्ट’ व ‘बॅलरॉग’ ही टोल्कीनच्या कादंबऱ्यांतील नावे होती. त्या नावांच्या हक्कदारांनी हरकत घेतल्यावर १९७७ च्या सुमारास ती काढावी लागली. ‘हॉबिट’च्या जागी ‘हाफलिंग’ आले, ‘एन्ट’चा ‘ट्रीयंट’ झाला. बॅलरॉगची कथा अधिक उद्बोधक आहे. १९७७ च्या प्राणिकोशात त्याचे स्थान ‘सहाव्या प्रकारचा डीमन’ अशा रुक्ष वर्गनामाने भरून काढले आणि त्या प्रकारातील एका व्यक्तीचे नाव ‘बेलोर’ असे दिले. पुढील आवृत्तीत ‘बेलोर’ हे त्या संपूर्ण जातीचेच नाव बनले. विशेषनामाचे सामान्यनाम होण्याची ही क्रिया भाषेच्या इतिहासात नेहमी आढळते. येथे ती दीड दशकाच्या आत पूर्ण झाली.

हाफलिंगच्या बाबतीत आणखी एक गोष्ट दिसते. हा शब्द इंग्रजीतला जुनाच. स्कॉटलंडच्या बोलीत तो अर्धवट वयाच्या मुलासाठी वापरीत, आणि स्वतः टोल्कीननेही तो योजला होता. आरंभी नाव तेवढे बदलले, वर्णन तेच राहिले: ठेंगणा, गुबगुबीत, घरकोंबडा. परंतु नाव सुटल्यामुळे वर्णनावरचे बंधनही सैल झाले. २००० च्या आवृत्तीत हाफलिंग सडपातळ व भटका झाला; २००८ मध्ये तो नद्यांवरून नौकांनी फिरू लागला; २०१४ मध्ये पुन्हा गुबगुबीत व घराची ओढ असलेला झाला. नाव बदलले की अर्थाला वाट मोकळी होते. ती वाट तो लगेच चालतो असे मात्र नाही.

दुसरे दडपण लोकमताचे. १९८० नंतरच्या दशकात हा खेळ मुलांना सैतानपूजेकडे नेतो, असा गहजब अमेरिकेतील काही धर्मनिष्ठ वर्तुळांतून झाला. त्याचा परिणाम म्हणून १९८९ च्या आवृत्तीतून ‘डीमन’ व ‘डेव्हिल’ हे दोन्ही शब्द वगळले गेले. हे प्राणी १९९१ मध्ये परतले, ते ‘तनारी’ व ‘बाटेझू’ ही बनावट नावे घेऊन. भाषेत निषिद्ध शब्दाच्या जागी सौम्य शब्द येतो, त्यातलाच हा प्रकार. पण खरी लक्षणीय गोष्ट त्यानंतरची आहे. २००० मध्ये निषेध ओसरला आणि जुने शब्द परत आले, तेव्हा ‘तनारी’ व ‘बाटेझू’ हे शब्द नाहीसे झाले नाहीत. डीमनांच्या एका पोटवर्गास पहिला व डेव्हिलांच्या एका पोटवर्गास दुसरा, असे ते विभागून देण्यात आले. एका अर्थाचे दोन शब्द भाषेत फार काळ टिकत नाहीत. एक मरतो किंवा त्याचा अर्थ आकुंचित होतो. येथे दुसरा पर्याय घडला.

३. नियमांतून उद्भवणारे बदल

दुसऱ्या वर्गातील बदल आतून होतात. नियमांची एक चौकट हलली की तिच्यावर आधारलेले पुराण हलते. याचे उत्तम उदाहरण नीतिप्रवृत्तीच्या नियमाचे. प्रत्येक पात्राची व प्राण्याची एक नैतिक बाजू ठरलेली असते. १९७४ मध्ये अशा तीनच बाजू होत्या: सुव्यवस्था, तटस्थता व अव्यवस्था. पोल अँडरसन व मायकेल मूरकॉक यांच्या कादंबऱ्यांतून ही कल्पना आली होती. १९७८ पर्यंत तीत शिष्ट व दुष्ट हा दुसरा अक्ष मिसळून तीन गुणिले तीन अशी नऊ घरांची चौकट तयार झाली.

चौकट झाल्याबरोबर विश्वरचना तिच्या मापाने बेतली गेली. त्याच वर्षीच्या ग्रंथात परलोकांची मांडणी वर्तुळाकार केलेली आहे. सुव्यवस्थित शिष्टांचा स्वर्ग, अव्यवस्थित दुष्टांचे पाताळ आणि मधल्या छटांचे मधले लोक. हे विश्व कोणा द्रष्ट्याने कल्पिले आणि मग त्यातून नीतिनियम निघाले असे वाचकास वाटते. घडले ते याच्या उलट. कोष्टक आधी, ब्रह्मांड नंतर.

याचा पडताळा २००८ मध्ये मिळाला. चौथ्या आवृत्तीने नऊ घरांची पाच केली. घरे गेल्यावर त्यांना जोडलेल्या लोकांचे प्रयोजन उरले नाही. तेव्हा चक्र मोडून, वर तारकांचा सागर व खाली महाभूतांचा कल्लोळ अशी सर्वस्वी नवी रचना मांडण्यात आली. बेघर झालेल्या नावांची व्यवस्था कशी लागली हेही पाहण्याजोगे आहे. ‘आर्कन’ हे पूर्वी सुव्यवस्थित स्वर्गातील दिव्य जीवांचे नाव होते. आता ते महाभूतांच्या सैनिकांना मिळाले. ‘एलाड्रिन’ हे स्वच्छंद स्वर्गीयांचे नाव एल्फांच्या एका शाखेला देण्यात आले. वस्तू गेल्या, नावे उरली आणि नव्या वस्तूंना चिकटली. २०१४ मध्ये नऊ घरे परत आली आणि त्यांच्यामागोमाग चक्रही परत आले. एलाड्रिन मात्र एल्फांतच राहिले.

४. बदलाचे कथेतील समर्थन

नियम बदलल्यावर प्रकाशकापुढे दोन मार्ग असतात: बदल मुकाट्याने करावयाचा, किंवा त्याला कथेत कारण द्यावयाचे. एड ग्रीनवुड याने कल्पिलेल्या व १९८७ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या ‘फरगॉटन रेल्म्स’ या भूमीत दुसऱ्या मार्गाचे नमुने विपुल आहेत.

१९८९ च्या आवृत्तीतून मारेकऱ्याची भूमिका खेळण्याची सोय काढून टाकली गेली. मग पूर्वीच्या ग्रंथांत वावरणारे मारेकरी गेले कोठे? त्याच वर्षीच्या कादंबरीमालेत देव पृथ्वीवर फेकले जातात आणि एक क्रूर देव आपले बळ वाढविण्यासाठी त्या भूमीतील मारेकऱ्यांचे प्राण शोषून घेतो. नियमातील एक वजाबाकी अशा रीतीने सामूहिक मृत्यूची कथा बनली. त्याच संकटात जादूच्या देवतेचाही अंत होऊन एक मर्त्य स्त्री तिच्या जागी आली. २००८ मध्ये जादूचे नियम मुळापासून बदलले. पूर्वीच्या मांत्रिकाला मंत्र आधी पाठ करून ठेवावे लागत आणि उच्चारल्यावर तो ते विसरे. ही पद्धत मुख्यतः बाजूला सारली गेली. तेव्हा जादूची देवता पुन्हा मारली गेली आणि तिच्याबरोबर जादूचे जाळे कोसळून निम्मे जग उलथले, असे पुराणात नोंदविण्यात आले. पाचव्या आवृत्तीबरोबर आणखी एक उत्पात होऊन देवता परतली व जग बरेचसे पूर्ववत झाले. प्रलय आणि पुनःसृष्टी यांचा हा क्रम म्हणजे अक्षरशः प्रतिसर्ग होय; फरक इतकाच की येथील कल्पांताचा मुहूर्त छापखान्याच्या वेळापत्रकावर ठरतो.

उलट २००० मध्ये असे काहीच झाले नाही. नव्या प्रकारचे मांत्रिक आले, परलोकांची रचनाही त्या भूमीपुरती बदलली. आणि जणू सर्व पूर्वीपासून तसेच होते अशा थाटात नवे ग्रंथ लिहिले गेले. दोन्ही मार्गांचे परिणाम वेगळे होतात. मुकाट बदलात जुना खेळाडू आपल्या मेजावरील गोष्ट तशीच पुढे नेऊ शकतो. कथाबद्ध बदलात त्याने वर्षानुवर्षे जोपासलेले नगर शंभर वर्षे मागे पडते व त्याची ओळखीची माणसे मेलेली असतात. २००८ च्या बदलावर खेळाडूंचा जो रोष झाला त्याचे एक कारण यात आहे. पुष्कळांनी तिसऱ्या आवृत्तीचे नियम पुढे चालविणारा, पायझो या दुसऱ्या प्रकाशकाचा ‘पाथफाइंडर’ हा २००९ चा खेळ जवळ केला.

५. ‘राक्षस’ या शब्दाचा प्रवास

वरील सर्व क्रिया एकत्र पाहावयाच्या तर आपल्या परिचयाचा एक शब्द घेणे सोयीचे होईल. १९७५ च्या अखेरीस टी.एस.आर.च्या नियतकालिकात आणि नंतर १९७७ च्या प्राणिकोशात ‘राक्षस’ हा प्राणी दाखल झाला. तो रामायण-महाभारतातून थेट आला, असे मानण्याचा मोह होईल. वस्तुतः त्याचा निकटचा पूर्वज डिसेंबर १९७४ मध्ये अमेरिकेत दाखविलेला ‘कोलचाक’ या दूरचित्रवाणी-मालिकेचा एक भाग हा होय. त्या कथेत राक्षस बळीला त्याच्या विश्वासातील माणसाच्या रूपात दिसतो आणि अभिमंत्रित बाणाने, क्रॉसबो या यांत्रिक धनुष्यातून सोडलेल्या बाणाने, मरतो. प्राणिकोशातील राक्षसही मायावी आहे व त्याच बाणाने तत्काळ मरतो. सोबतच्या चित्रात उंची वस्त्रे ल्यालेला, पाइप ओढणारा, व्याघ्रमुखी पुरुष होता. महाकाव्यांतील राक्षस कामरूपी, हवे ते रूप घेणारे. खेळातील राक्षसाला त्या एका चित्राने वाघाचे डोके कायमचे दिले.

आता त्याच्या मूळस्थानाची नोंद आवृत्तिवार पाहावी. १९७७ मध्ये तो प्रथम भारतात आढळला असे म्हटले होते. १९८९ च्या आवृत्तीत देशाचे नाव गेले आणि त्याचे मूळ कोणासच ठाऊक नाही असे सांगण्यात आले. २००४ च्या ‘एबेरॉन’ या भूमीच्या ग्रंथात मानवपूर्व आसुरी युगाचे धनी राक्षस ठरले. २००९ मध्ये ‘देव’ नावाचा एक शिष्ट, पुन्हा पुन्हा जन्मणारा वंश खेळात आला आणि त्यांतील जो पतित होईल तो राक्षसाच्या जन्माला जाईल, असे सांगितले गेले. २०१४ मध्ये राक्षस नरकातील डेव्हिलांनी निर्मिलेला ठरला. भारत, अज्ञात, आदियुग, पतित देव, नरक: चार दशकांत एका नामाच्या पाच व्युत्पत्ती झाल्या.

बाणाचा प्रवास याहून बोधप्रद आहे. २००० मध्ये अभिमंत्रित बाण अद्याप प्राणघातक होता. २००३ मध्ये तो नियम सामान्य स्वरूपात वितळला: शिष्ट गुणाने भारलेले टोकदार शस्त्र तेवढे राक्षसाला पुरते लागू पडे. २००८ मध्ये ही खूण आकड्यांतून पुसली गेली. २०१४ मध्ये ती परतली: शिष्ट व्यक्तीच्या हातातील जादूच्या टोकदार शस्त्राने त्यास दुप्पट इजा. २०२५ च्या प्राणिकोशात ‘शिष्ट व्यक्ती’ जाऊन तिच्या जागी आशीर्वादाच्या मंत्राने भारलेली व्यक्ती आली. म्हणजे पन्नास वर्षांनी नियम मूळ ‘अभिमंत्रित’ कल्पनेजवळ पोहोचला. ज्यांना दूरचित्रवाणीवरील ती कथा ठाऊक नाही असे असंख्य खेळाडू या नियमाचे पालन करतात. एखाद्या शब्दाचा मूळ अर्थ लोप पावावा आणि एखाद्या वाक्प्रचारात त्याचा ठसा राहावा, तसा हा अवशेष आहे. पुराणातील वर्णन वारंवार बदलले. ठसा टिकला तो आकड्यांत.

६. ‘सदैव’, ‘बहुधा’ आणि ‘कधी कधी’

तिसरे दडपण बदलत्या नीतिभावनेचे. २००० च्या आवृत्तीने प्राण्यांच्या नीतिप्रवृत्तीस ‘सदैव’, ‘बहुधा’ व ‘पुष्कळदा’ अशा अर्थाची क्रियाविशेषणे लावली. राक्षस सदैव दुष्ट, तर ऑर्क या रानटी लेखलेल्या जमातीतील लोक ‘बहुधा’ किंवा ‘पुष्कळदा’ दुष्ट. विधानाची बळकटी एका शब्दाने कमी झाली आणि त्या फटीतून चांगल्या ऑर्कास जागा मिळाली. त्यामागचा प्रश्न गंभीर होता: बोलणाऱ्या, विचार करणाऱ्या एखाद्या संपूर्ण लोकसमूहास जन्मतः दुष्ट म्हणता येते काय? २०२० मध्ये प्रकाशकाने असे चित्रण बदलण्याचे जाहीर केले. २०२४ च्या ग्रंथात ‘रेस’, म्हणजे वंश, या शब्दाऐवजी ‘स्पीशीज’, म्हणजे प्रजाती, हा शब्द आला; ऑर्क खेळाडूच्या निवडीच्या लोकांत दाखल झाले आणि २०२५ च्या प्राणिकोशात त्यांची स्वतंत्र नोंद राहिली नाही.

या बदलास काहींनी न्याय म्हटले, काहींनी परंपरेची मोडतोड. येथे एवढेच नोंदवावयाचे की महाकाव्यांच्या परंपरेने हा प्रश्न पूर्वीच हाताळला होता. बिभीषण राक्षस आहे, घटोत्कचही राक्षसीपुत्र आहे. तेथे ‘राक्षस’ हे कुलाचे नाव आहे, शीलाचा निवाडा नव्हे. खेळाने शब्द घेतला, पण ही सूक्ष्मता घेतली नाही. ‘सदैव’ हे क्रियाविशेषण त्याच्यापुढे लावले. इंग्रजी वाचणाऱ्या पुष्कळ तरुणांना हा शब्द प्रथम याच पुस्तकांत भेटतो. तेव्हा एका क्रियाविशेषणाने काय हरवते, हा प्रश्न केवळ करमणुकीचा राहत नाही.

७. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की खेळाच्या पुराणातील बदल बहुतांशी लहरी नाहीत. बाहेरचा निषेध, आतील नियमांची ओढ आणि समाजाची नीतिभावना या तीन दडपणांखाली ते घडतात. या बदलांत नाव सर्वांत चिवट ठरते, वर्णन सर्वांत चंचल, आणि नियमातील आकडा पुष्कळदा विसरलेल्या अर्थाचा साक्षीदार असतो.

मालकीचा प्रश्न यातून सुटत नाही, उलट अधिक स्पष्ट होतो. १९७७ च्या सुमारास या खेळाला टोल्कीनची नावे सोडावी लागली होती. २०२३ च्या आरंभी विझर्ड्स ऑफ द कोस्टने इतर प्रकाशकांना पूर्वी दिलेला खुला परवाना बदलू पाहिला. विरोधामुळे तो बेत मागे घेऊन नियमांचा मूलभूत मजकूर सर्वांस मोकळा करण्यात आला. पण तोवर पायझोने आपला खेळ नव्याने मांडण्याचे ठरविले होते आणि त्याच वर्षी ‘पाथफाइंडर’मधून नीतिप्रवृत्तीची चौकट व ‘ड्राऊ’ हे कृष्णवर्णी एल्फ गाळले गेले. एकेकाळी ज्याने दुसऱ्याची नावे टाकली त्याचीच नावे आता तिसऱ्याला टाकावी लागली.

तथापि मालक नवा पाठ काढू शकतो, जुना परत मागू शकत नाही. आज एकाच मेजावर १९७७ चा प्राणिकोश वाचून वाढलेला सूत्रधार व २०२४ चा ग्रंथ घेऊन आलेला खेळाडू शेजारी बसतात. ‘राक्षस’ म्हटल्यावर दोघांच्या मनात दोन निराळे अर्थ उभे राहतात, आणि खेळ चालावयाचा तर त्यांना त्या संध्याकाळपुरता एक अर्थ ठरवून घ्यावा लागतो. भाषेतही शब्दाचा अर्थ कोशात नोंदला जातो, पण ठरतो तो बोलणाऱ्या दोघांत. खेळाच्या पुराणाची अखेरची आवृत्ती याच ठिकाणी सिद्ध होत असते, आणि ती कोठेही छापली जात नाही.